आबांनी भरलेलं पाणी

चाकणच्या एका कंपनीत माझं काम गळती शोधायचं. ओतीव धातूचे भाग समोर येतात, त्यांची तोंडं रबराच्या बुचांनी बंद करायची, आत दाबाने हवा भरायची आणि काचेच्या टाकीत पाण्याखाली बुडवून बघत बसायचं. भाग चांगला असेल तर काही होत नाही. नसेल तर कुठल्यातरी कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा निघतो, अंमळ चिकटून बसतो आणि वर जातो. यात बघण्यासारखं काय आहे, असं सगळेच म्हणतात. म्हणू देत. मला इतकी वर्षं झाली तरी तो पहिला बुडबुडा सुटला की अंगावर काटा येतो. हाताला घट्ट लागणारा, हातोडा मारला तर ठणठणणारा धातू, आणि त्यातून हवा स्वतःची वाट काढून येते! तोच भाग बाहेर काढा, पुसा, उजेडात धरा, तिथं काही म्हणजे काही दिसत नाही.

आणि अशी बाई घरात असून आमच्या दारातल्या गाडीचं पाणी कुठं जातं ते कुणाला कळेना. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

गाडी आबांची. आबा म्हणजे माझे सासरे. आमचं घर चाकणजवळच्या निघोज्यातलं. जमीन कंपन्यांत गेली, मग बैल गेले, गोठा रिकामा झाला आणि त्या गोठ्यात ही पांढरी छोटी गाडी येऊन उभी राहिली. तिलाही आता वय झालंय. डावं दार आपटल्याशिवाय लागत नाही, मागची काच हाताने ढकलल्याशिवाय वर जात नाही. पण चकचकीत अशी की नवी गाडी शेजारी लावायला माणूस लाजेल. उजाडायच्या आत उठायचं, गोठा झाडायचा, विहिरीचं पाणी काढायचं आणि गाडी धुवायची, हा आबांचा नेम. बाहेरून तर सगळेच धुतात हो. आबा बॉनेट उघडून आतलं इंजिनसुद्धा ओल्या फडक्याने पुसायचे, वरून, खालून, हात जाईल तिथवर आत घालून. मी एकदा विचारलं, आबा, आतलं कोण बघतंय? तर म्हणाले, "बैलाच्या पोटाखालनं हात न्हाई फिरवला तर गोचीड लागल्याली कळायची कशी?" सासूबाई तेव्हा होत्या. त्या आतून ओरडल्या, "अवो, तिला गोचीड होत न्हाई!"

पुसून झालं की रेडिएटरचं झाकण काढून विहिरीचं पाणी तोंडापर्यंत भरायचं. आधी जनावराला पाणी, मग माणसाला चहा. गाडीला पाणी पाजल्याशिवाय आबांनी कपाला तोंड लावलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्या गाडीचं एकच काम उरलं होतं, माझ्या मुलीला चाकणच्या शाळेत सोडायचं आणि परत आणायचं. सासूबाई गेल्यापासून आबा घरात फारसं बोलेनासे झाले होते. जे काही बोलणं शिल्लक होतं ते त्या गाडीत, नातीबरोबर. काय बोलता गं, म्हणून विचारलं तर कार्टी सांगायची नाही. "ते आमचं आहे," म्हणायची.

मागच्या वर्षी गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. काटा हळूहळू वर चढायचा, गाडी तापायची. झाकण काढून बघावं तर पाणी कमी. आबा म्हणत, सकाळी भरलं होतं. मग गेलं कुठं? खाली थेंब नाही. मी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला, सकाळी तो कोरडा ठणठणीत. नवऱ्याने गाडी एका गॅरेजला नेली, त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं. दुसऱ्याकडे नेली, त्याने पाईप बदलले. तिसरा म्हणाला, अख्खं इंजिन उघडावं लागेल. नुसतं साप साप म्हणून भुई धोपटणं. शेवटी भोसरीच्या बाजूला एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी काही दिवस ठेवली. त्यांनी रोज चालवून बघितली, रोज पाणी तपासलं. पाणी तसूभर हललं नाही. गाडी परत देताना तिथला माणूस नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडी ओके आहे भाऊ. घरात कोण वयस्कर चालवतं का? पाणी भरायचं विसरत असतील."

झालं. एवढं एक वाक्य घरात आलं आणि घरातच राहिलं.

त्याच्या आधी आबा चष्मा शोधायचे तर आम्ही हसायचो. आता आबा चष्मा शोधायला लागले की नवरा माझ्याकडे बघायचा. आबांनी भाजीवाल्याला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली, नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. अहो, मी माझ्या सख्ख्या लेकीला रोज नणंदेच्या नावाने हाक मारते! पण नाही. माणूस एकदा बघायला बसला की त्याला सगळं दिसायला लागतं.

आणि मग चाकणच्या तळेगाव चौकातला तो प्रकार झाला. शाळा सुटल्यावर परत येताना नेहमीसारखी गाड्यांची रांग, वर ऊन, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. गाडी तापली आणि बॉनेटखालून भसाभसा वाफ निघाली. आबांनी पोरीला आधी बाहेर काढलं, रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि मग झाकणाला हात घातला. तळहात भाजला. नवरा पोचला तेव्हा पोरगी दप्तर पोटाशी धरून रडत होती आणि आबा भाजलेला हात पाठीमागे लपवून उभे होते. "आबा, पाणी बघितलं होतं का?" "भरलं व्हतं." "आबा, खरं सांगा." "भरलं व्हतं रे."

त्या दिवशी गाडीची चावी कपाटावर गेली. पोरीला व्हॅन लावली. आणि विसरण्याचा आजार तपासतात त्या डॉक्टरकडे नवऱ्याने आबांचा नंबर लावून टाकला. माझा नवरा वाईट नाही, भित्रा आहे. पोटची पोर रस्त्यावर रडताना बघितली की कोणाचाही जीव थाऱ्यावर राहत नाही. माझाही नव्हता. मी तेव्हा काही बोलले नाही.

बोलले ते दुसऱ्या दिवशी. सकाळी पाण्याला गेले तर आबा विहिरीच्या कठड्यावर बसलेले, खांद्यावरचा पंचा मांडीवर, आणि पंच्याच्या टोकाला मारलेली गाठ दोन बोटांत धरून नुसते बघताहेत. म्हटलं, आबा, हे काय? त्यांनी ती गाठ माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "पाणी भरलं की गाठ मारतोय, म्हंजी ध्यानात ऱ्हावं. काल बी गाठ व्हती. पर ही कालची का परवाची, त्ये मला सांगता येईना."

तुम्हाला सांगते, माझं टाळकं सरकलं. आबांवर नाही, आम्हा सगळ्यांवर. धडधाकट माणूस आपल्याच हातावर भरवसा ठेवायला भितोय! तशीच घरात गेले आणि नवऱ्याला म्हटलं, चावी काढा. तो म्हणाला, अगं पण. म्हटलं, पण बिण काही नाही, दिवसभर मी दुसऱ्यांच्या गळत्या शोधते, माझ्या घरातली मी शोधणार. तुमचा डॉक्टर कुठं पळून जात नाही.

गाडी मला आबांनीच शिकवलेली. ते शेजारी बसले आणि मी दापोडीला नेली. तिथं रेल्वेलाईनजवळच्या गल्लीत गाड्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. गाडी घेतली तेव्हापासून आबा त्यांच्याकडेच जायचे, पण चाचांची नजर कमी झाली आणि ते फारसं काम घेईनात, म्हणून मधली वर्षं जाणं सुटलं होतं. चाचांनी बॉनेट उघडलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभेच राहिले.

"या अल्लाह! दादा, हे इंजिन आहे का देव्हारा?"

आबा जरा खुलले. "रोज पुसतो."

"तेच तर! पाणी जिथून जातं तिथं डाग पडतो, पांढरा क्षार धरतो. तो बघून आम्ही शोधायचं. तुम्ही रोज सकाळी सगळं साफ. चोर येतो, चोरी करतो आणि तुम्ही त्याच्या पायाचे ठसे पुसून ठेवता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, एक आठवडा गाडीला फडकं लावायचं नाही. तोंडापर्यंत पाणी भर, झाकण लाव, चालव. मग घेऊन ये."

तो आठवडा आबांनी कसा काढला ते मी बघितलंय. निघोज्यातला धुरळा तुम्हाला माहीत नाही. दिवसभर ट्रक चालतात. चौथ्या दिवशी गाडी ओळखू येईना. येणारा जाणारा विचारायचा, काय आबा, बरं न्हाई का? शेवटी त्यांनी तिच्यावर जुनी चादर टाकली. सकाळी उठायचे, गोठा झाडायचे आणि हातात फडकं घेऊन चादरीपुढे उभे राहायचे. मग फडकं परत खुंटीला. मी कंपनीत येताजाता गाडी चालवत होते. झाकण माझ्या हाताने लावलेलं, उघडणार तेही मीच.

आठवडा संपला. गाडी थंड झाल्यावर मी सगळ्यांसमोर झाकण काढलं.

पाणी तोंडापर्यंत होतं.

नवरा ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तो हळूच म्हणाला, "डॉक्टरचा नंबर परवाचा आहे." आबांनी रेडिएटरच्या तोंडात डोकावून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "मंग म्याच इसरत असंन." इतक्या सहज म्हणाले, जणू पाऊस पडंल न्हाईतर न्हाई. आणि गोठ्याबाहेर गेले.

तरी दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घातलंच. नवऱ्यालाही म्हटलं, तुम्हीही चला, काय ते एकदा डोळ्यांनी बघा. मोशी, भोसरी करत आम्ही दापोडी गाठली.

चाचांनी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवला. सायकलमध्ये हवा भरतात तसा, फक्त त्याला एक घड्याळ असतं, दाब किती झाला ते दाखवायला. दाब भरला. आम्ही काट्याकडे बघत बसलो. गळती असेल तर काटा खाली येतो. काटा खिळा ठोकल्यासारखा तिथंच. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही.

चाचा म्हणाले, "सब्र. बेटा, माझे डोळे गेलेत, तू बघ. पर्समध्ये आरसा असेल ना?"

होता, कुंकू लावायचा. एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्या हातात आरसा, आणि मी इंजिनात वाकून एक एक भाग बघायला लागले. धुरळा, तेल, सगळीकडे सारखाच करडा थर. चाचा वरून सांगत होते, आता मागं, सायलेन्सरच्या नळीच्या पाठीमागं, तिथं इंजिनाला गोल पत्र्याची टिकली ठोकलेली असते, रुपयाएवढी. आरसा वाकडा केला. टिकली दिसली. आणि टिकलीच्या कडेला, त्या सगळ्या करड्या धुरळ्यात, पांढरं काहीतरी. दह्याची कवडी वाळावी तसं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"चाचा, इथं पांढरं आहे. पण कोरडं आहे."

मग चाचांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी बादलीतलं फडकं पिळलं आणि माझ्या हातात नाही, आबांच्या हातात दिलं. "दादा, घरी रोज पुसता ना? तसंच पुसा. जास्त नको, कमी नको."

आबा पुढे आले. बाही वर केली आणि हात आत घातला. बघत नव्हते, बघायची त्यांना गरजच नव्हती. हात आपला वरून, मग बाजूने, मग नळीच्या पाठीमागे गेला, मला आरसा लागला त्या जागी त्यांची बोटं सरळ जाऊन पोचली, आणि तिथं त्यांनी फडकं गोल फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग हात बाहेर काढला. मी आरसा धरला.

टिकली स्वच्छ झाली होती. आता तिथं काहीच नव्हतं. मी आरसा तसाच धरून बघत राहिले. आणि मग, देवाशप्पथ सांगते, त्या कोऱ्या पत्र्यावर एक चमक आली. सुईच्या टोकाएवढी. ती मोठी झाली, गोल झाली, उजेड तिच्यात जाऊन बसला. पाण्याचा थेंब! आमच्या कंपनीत मी पाण्यात हवा शोधते, इथं हवेत पाणी सापडलं. थेंब भरला, ओघळला, नळीवर पडला. त्याच्या जागी दुसरा आला. मी ओरडलेच, "आलं! आबा, आलं!" नवरा आरशात डोकं घालायला धावला. घड्याळाचा काटा हळूहळू खाली यायला लागला होता.

चाचांनी मग समजावून सांगितलं. विहिरीचं जड, क्षाराचं पाणी. त्याने टिकली आतून गंजली, तिला बारीकसं भोक पडलं. पाणी झिरपायचं, तापलेल्या नळीवर पडून वाफ होऊन जायचं, म्हणून जमिनीवर कधी थेंब नाही. आणि त्याच पाण्यातला क्षार भोकावर वाळून बसायचा, जखमेवर खपली धरते तसा. खपली धरली की गळती बंद. गॅरेजमध्ये गाडी राहिली, बंद. आम्ही आठवडाभर फडकं लावलं नाही, बंद. आणि घरी रोज सकाळी आबा हात फिरवून ती खपली काढून टाकायचे.

मी खाली बसले. मला हसू येईना आणि रडू येईना. पाण्याची करामत बघा, स्वतःच भोक पाडलं, स्वतःच बुजवलं, स्वतःच वाफ होऊन गेलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आणि ती एक जागा, इतकी आतली, इतकी आड, ती रोज न चुकता गाठणारा हात आमच्या घरातल्या एकाच माणसाचा. काही विसरणारा हात असता तर कधीतरी ती टिकली चुकवली असती की नाही? गाडी वर्षभर गळत राहिली ती आबा एकही दिवस विसरले नाहीत म्हणून.

आबा मात्र टिकलीकडे बघतच नव्हते. हातातल्या ओल्या फडक्याकडे बघत होते.

"म्हंजी," ते म्हणाले, "म्या पाणी भरत व्हतो."

कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. नुसतं म्हणाले. चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझा नवरा गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आला. डोळे लाल होते.

चाचांनी जुनी टिकली काढली. ती हातात घेतली तर कागदासारखी वाकली. नवी ठोकली, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं. "दादा, आता हिला घरचं पाणी बंद. आणि वर पुसा, आत हात घालायचा नाही." आबा म्हणाले, "बाटलीतलं पाजायचं व्हय? बाळ हाय का त्ये?" पण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती गोठ्यातल्या पाण्याच्या आवाजाने. आठवडाभराचा धुरळा आबा धुऊन काढत होते. मी चहा घेऊन गेले तर गाडी लख्ख, बॉनेट वर आणि आबा झाकण काढून उभे. मला बघून म्हणाले, "त्येला हाक मार."

नवरा डोळे चोळत आला. आबांनी बोटाने दाखवलं. आम्ही तिघंही रेडिएटरच्या तोंडावर वाकलो. आत तोंडापर्यंत हिरवं पाणी होतं, काल सोडलं होतं तेवढंच, जराही न हलता. एवढंसं ते पाणी, पण मी देवळात बघावं तशी बघत राहिले.

मग आबा म्हणाले, "आज त्या डाक्टरकडं जायचं व्हतं ना? कवा निघायचं?"

नवरा वळला आणि घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात पोरीचं दप्तर होतं आणि दुसऱ्या हातात चावी. दप्तर त्याने गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, डावं दार आपटून लावलं आणि चावी आबांच्या ओल्या हातात दिली.

"आधी पोरीला शाळेत सोडून या, आबा," तो म्हणाला. "व्हॅनवाल्याला मी नको म्हणून सांगतो."